वाटेवरचे प्रश्न : एका दिवसात तीन देश

या महिन्यात युरोपात भाड्याच्या मोटरसायकलवर फिरण्याबद्दल बरीच पत्रं आली आणि संपादकांनी ती माझ्याकडे पाठवली. माझं माहेर चिपळूणचं, घर आता इन्सब्रुकला, आणि उन्हाळ्यात गाडी घराबाहेर काढली की पाऊण दिवस आल्प्सच्या घाटांतच जातो. साताऱ्याहून आलेल्या पत्राचं उत्तर लांबलंय. त्यांनी विचारलेल्या गोष्टी इतरांच्याही उपयोगाच्या आहेत, म्हणून ते लांबू दिलं.

प्रश्न : वय 48, राहणार सातारा. रॉयल एनफील्डची हिमालयन मोटरसायकल चालवतो. कास, आंबेनळी, कुंभार्ली, वरंधा हे घाट पाठ आहेत. जुलैमध्ये आम्ही दोघं भाचीकडे म्युनिकला येतोय. चार दिवस मोटरसायकल भाड्याने घेऊन पाच-सहा देश करायचा विचार आहे. सीमेवर किती वेळ मोडतो? एका दिवसात किती देश होतील?

उत्तर : देश मोजायचे ठरवलेत तर हायवेने दिवसाला चार होतील, आणि संध्याकाळी तुमच्याकडे पेट्रोलच्या पावत्यांशिवाय काही नसेल. कुंभार्ली पाठ असलेल्या माणसाने तसं करू नये असं मला मनापासून वाटतं. चारातला एक दिवस जायला, एक परत यायला धरा. मधल्या दोन दिवसांपैकी एक दिवस मी सांगते त्या फेरीला द्या आणि दुसरा पावसासाठी राखून ठेवा.

ही फेरी ऑस्ट्रियातल्या नाउडर्स गावातून निघते, इटलीत उतरते, स्टेल्वियो खिंड चढते, उंब्राइल खिंडीतून स्वित्झर्लंडमध्ये जाते आणि ओफन खिंड, झेर्नेत्स, स्कुओल, मार्टिना करत पुन्हा नाउडर्सला येते. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. नकाशावर पाहून तुम्हाला वाटेल, हे तर जेवायच्या वेळेपर्यंत आटपेल. पूर्ण दिवस लागतो, आणि तो लागू द्यावा.

सीमेवर किती वेळ मोडतो, तर बहुतेक वेळा अजिबात नाही. ऑस्ट्रिया, इटली आणि स्वित्झर्लंड तिन्ही शेंगेन या सामायिक व्हिसाच्या गटात आहेत, त्यामुळे एका व्हिसावर तिन्हीकडे जाता येतं. नाउडर्सहून निघालात की थोड्याच वेळात रेशन खिंडीत पाटी येते आणि तुम्ही इटलीत. पण पासपोर्ट खोलीत ठेवून निघू नका. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असलं तरी युरोपीय संघाच्या जकात व्यवस्थेत नाही. मार्टिना आणि म्युस्टेअरला त्यांची जकात ठाणी आहेत, तिथे कोणालाही बाजूला घेऊ शकतात. हात दाखवला तर थांबा, इंजिन बंद करा, हेल्मेटची काच वर करा, कागद द्या. परत म्युनिकला जाताना जर्मनीच्या हद्दीवरही तपासणी असू शकते. ऑस्ट्रियाकडून येणाऱ्यांची तपासणी जर्मनीने 2015 पासून सुरू ठेवली आहे.

लक्षात ठेवायचं ते वेगळंच आहे. सीमेवर अडवायला कोणी नसतं, तरी पाटी ओलांडली की त्याच क्षणी नियम बदललेले असतात. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ऑस्ट्रियात ताशी 100 ची मर्यादा, इटलीत 90 ची, स्वित्झर्लंडमध्ये 80 ची. गावात तिन्हीकडे 50, पाटी असेल तिथे त्याहून कमी. स्विस दंड कडक असतो, आणि पर्यटक आहे म्हणून सोडून देत नाहीत. फोनवरच्या नकाशात स्पीड कॅमेऱ्याची सूचना चालू असेल तर ती स्वित्झर्लंडमध्ये शिरण्याआधी बंद करा, तिथे तशी सूचना देणारं साधन वापरणं बेकायदेशीर आहे. फोनचा डेटाही तपासा. युरोपीय संघाचं रोमिंग स्वित्झर्लंडला आपोआप लागू होत नाही, त्यामुळे म्युनिकला घेतलेल्या सिमकार्डात तो देश आहे की नाही ते आधी विचारून घ्या. चलनही बदलतं, तिथे फ्रँक. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं.

आता रस्ता. सकाळी सातला निघा. रेशन ओलांडल्यावर उजव्या हाताला मोठं तळं लागेल आणि पाण्यातून एक चर्चचा मनोरा वर आलेला दिसेल. तो चौदाव्या शतकातला आहे. 1950 मध्ये धरणासाठी इथलं ग्राउन गाव बुडवलं, तेवढा मनोरा राहिला. फोटो सगळेच काढतात. तुम्ही काठावरचं नवं ग्राउनही पाहा. कोयनेच्या काठची माणसं आमच्या चिपळूणपासून लांब नाहीत, त्यामुळे मला तिथून नुसतं पुढे जाणं कधी जमत नाही.

मग उतार, सफरचंदाच्या बागा, ग्लुर्न्सची जुनी तटबंदी, आणि प्राड. इथून स्टेल्वियो सुरू होतो. प्राड समुद्रसपाटीपासून नऊशे-सव्वानऊशे मीटरवर, खिंड 2757 मीटरवर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे खाली 22 असेल तर वर 10. आतला गरम थर प्राडलाच चढवा. वर गार वाऱ्यात जॅकेट काढून कपडे घालणं जिवावर येतं.

या बाजूने 48 हेअरपिन, म्हणजे केसाच्या पिनेसारखी उलटी फिरणारी वळणं आहेत आणि प्रत्येकावर आकड्याची पाटी आहे. खाली 48, वर जाताना आकडा कमी होत जातो. तुम्हाला घाटाची भीती नाही हे पत्रावरून दिसतं. तरीही इथे एक गोष्ट उलटी आहे, तेवढी नीट समजून घ्या. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे आपल्याकडे डावं हेअरपिन आवळ आणि उजवं सैल. इथे वाहतूक उजवीकडून, म्हणून उजवं हेअरपिन आवळ आणि चढाला अगदी उभं. आंबेनळीत वर्षानुवर्षं बसलेला हात इथे डाव्या वळणाला जास्त सावध राहतो आणि उजव्याला निर्धास्त शिरतो. नेमकं उलट हवं.

उजव्या हेअरपिनला असं करा. वळण यायच्या आधीच मान वर करून वरच्या टप्प्यावर कोणी येतंय का पाहा. स्टेल्वियोचे टप्पे एकावर एक असल्याने वरचं वाहन बहुतेक वेळा दिसतं. बस किंवा मोठी गाडी दिसली तर सरळ भागातच थांबा, वळणात शिरू नका, कारण तिला वळायला अख्खा रस्ता लागतो. रस्ता मोकळा असेल तर पहिला गिअर टाका, मधल्या रेषेच्या आत पण तिच्या जवळून या, आणि आतल्या कोपऱ्याकडे लगेच झुकू नका. थोडं पुढे जाऊन मगच वळा. नजर चाकासमोर नको, वळणाच्या बाहेर पडायच्या जागेवर हवी. क्लच अर्धा, गॅस स्थिर, मागचा ब्रेक हलका. आणि थांबावंच लागलं तर डावा पाय टेका. आतल्या बाजूला रस्ता खाली गेलेला असतो. उजवा पाय टेकवायला गेलात तर तो जमिनीपर्यंत पोहोचत नाही, शिवाय मागचा ब्रेकही सुटतो, आणि मागे माणूस बसलेलं असताना जड गाडी त्या बाजूला गेली की सावरत नाही.

याच कारणासाठी मी प्राडकडून चढायला सांगते, उलट्या दिशेने उतरायला नाही. उतारावर दोघांचं वजन पुढे येतं आणि चुकीला जागा कमी राहते.

त्राफोई गावाच्या वर आलात की डावीकडे ओर्टलर शिखर दिसतं, 3905 मीटर, हिमनदीसकट. थांबा. साडेनऊपर्यंत माथ्यावर पोहोचलात तर गर्दीच्या आधी असाल. दहानंतर सायकलवाले, कारवाले, मोटरसायकलवाले सगळे एकदम येतात. शनिवार-रविवार टाळाच. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला एक दिवस हा घाट फक्त सायकलस्वारांसाठी असतो, तारीख आधी बघून घ्या. तुमच्या जुलैला त्याची अडचण नाही.

माथ्यावर दुकानं आहेत, सॉसेजच्या गाड्या आहेत, गोंगाट आहे. तिथे रेंगाळू नका. गाडी लावून पायवाटेने ड्रायश्प्राखनश्पिट्स या शिखरापर्यंत चढून या, अर्ध्या तासाच्या आत पोहोचाल. पहिल्या महायुद्धापर्यंत इटली, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तिघांच्या सीमा इथे मिळत होत्या. स्टेल्वियोचा रस्ता ऑस्ट्रियन साम्राज्याने 1820 ते 1825 या काळात बांधला. लोम्बार्डी तेव्हा त्यांच्या ताब्यात होती आणि तिथे जायला थेट वाट हवी होती. अभियंता कार्लो दोनेगानी. युद्धात याच उंचीवर इटली आणि ऑस्ट्रियाचे सैनिक समोरासमोर होते, शेजारी स्विस आपली हद्द राखत बसलेले. खंदकांच्या खुणा अजून दिसतात. युद्धानंतर दक्षिण टिरोल, म्हणजे तुम्ही सकाळपासून चालवत आलात तो प्रदेश, इटलीकडे गेलं आणि सीमा उत्तरेला रेशनपर्यंत सरकली. म्हणजे सकाळी तुम्ही न थांबता ओलांडलेली रेशनची सीमा जेमतेम शंभर वर्षांची, आणि जिच्यासाठी इथे बर्फात माणसं मेली ती स्टेल्वियोची सीमा आता इटलीच्या पोटात. खालच्या गावांत अजून जर्मन बोलतात, म्हणून पाट्या दोन भाषांत आहेत. बेळगावकडच्या वाचकांना याहून जास्त काही सांगायला नको.

माथ्यावरून बोर्मियोच्या दिशेने तीनेक किलोमीटर उतरलात की उजवीकडे उंब्राइलचा फाटा. खिंड 2501 मीटर, स्वित्झर्लंडमधली सगळ्यात उंच डांबरी खिंड. मधला एक तुकडा 2015 पर्यंत कच्चा होता, आता सगळा डांबरी आहे. रस्ता अरुंद, गर्दी एकदम कमी. इथे तुम्हाला पिवळी पोस्टबस, म्हणजे स्विस टपालखात्याची प्रवासी बस, भेटेल. आंधळ्या वळणाआधी ती तीन सुरांचा हॉर्न वाजवते, रोसिनीच्या विल्यम टेल ऑपेरातले सूर. निळ्या पाटीवर पिवळं शिंग काढलेल्या डोंगरी रस्त्यांवर पहिला हक्क पोस्टबसचा, आणि तिचा चालक हाताने जे सांगेल ते ऐकायचं. मागे घ्या म्हणाला तर मागे घ्यायचं. हे चालक अतिशय शांत असतात. मी एकदा कडेला थांबले होते, तर त्याने बस माझ्या हँडलपासून वीतभर अंतरावरून नेली आणि जाताना हात उंचावला. बाकी वाहनांमध्ये चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हे आपल्या घाटातल्या नियमासारखंच. तुम्ही उतरत असाल, म्हणजे थांबायचं तुम्ही.

खाली सांता मारिया. फेरीचा रस्ता डावीकडे जातो, पण आधी उजवीकडे चार किलोमीटर जाऊन म्युस्टेअरचा सेंट जॉन मठ पाहून या. आठव्या शतकाच्या अखेरीची स्थापना, भिंतींवर इसवी सन 800 च्या सुमाराची चित्रं, 1983 पासून जागतिक वारसा, आणि आत अजून जोगिणी राहतात. स्टेल्वियोला येणारे बहुतेक जण हे न पाहता निघून जातात याचं मला फार वाईट वाटतं. बूट-हेल्मेटसकट आत गेलात तरी कोणी काही म्हणत नाही, फक्त आवाज खाली ठेवा.

ओफन खिंड 2149 मीटर. पलीकडचा रस्ता स्विस राष्ट्रीय उद्यानातून जातो. 1914 मध्ये झालेलं हे आल्प्समधलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. थांबायचं ते फक्त आकडे टाकलेल्या पार्किंगमध्ये, आणि पायवाट सोडायची नाही. झेर्नेत्सपासून इन नदी सोबतीला येते, तीच पुढे माझ्या इन्सब्रुकमधून जाते. स्कुओलला चौकातल्या हौदांच्या नळातून खनिज पाणी वाहतं. चव लोखंडी, पण बाटली भरून घ्या. मार्टिनाला पूल ओलांडला की शेवटची वळणं चढून नाउडर्स. सहापर्यंत पोहोचाल.

प्रश्न : नवरा दोन वर्षं या सहलीचं स्वप्न बघतोय. चालवणार तो, मागे बसणार मी. सगळे त्याला सल्ले देतात, मला कोणीच काही सांगत नाही. मी काय तयारी करू? — नागपूरहून एक वाचक

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. मागे बसणारीचं काम बसण्यापुरतं नसतं.

जायच्या आधी तुमच्याकडेच दोघांनी मिळून लांबच्या तीन-चार फेऱ्या करा, पाठीवर सामान घेऊन. वळणावर नवऱ्याच्या ज्या बाजूला वळण आहे त्या खांद्यावरून पुढे बघायचं. तेवढ्याने तुमचं वजन आपोआप योग्य बाजूला जातं, मुद्दाम झुकावं लागत नाही. गाडी झुकली म्हणून घाबरून उलटीकडे सरकायचं मात्र नाही. उतारावर ब्रेक लागला की त्याच्या अंगावर रेलायला होतं. तेव्हा एक हात टाकीवर टेकवा, म्हणजे तुमचं वजन त्याच्या मनगटांवर येणार नाही.

हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट हे सगळं त्याला जेवढं चांगलं तेवढंच तुम्हालाही चांगलं हवं. भाड्याच्या दुकानात मागच्या माणसाला जुनं, ढगळ सामान पुढे करतात. घेऊ नका. हेल्मेटवर ईसीई 22.05 किंवा 22.06 या युरोपीय मानकाचा शिक्का हवा, नुसत्या आयएसआयवर अवलंबून राहू नका.

आणि दोन कामं फक्त तुमची. पहिलं, प्रत्येक थांब्यानंतर गाडी सुरू झाली की मोठ्याने म्हणायचं, “उजवीकडे.” रहदारीत माणूस इतरांच्या मागे योग्य बाजूला जातो. चुकतो तो रिकाम्या रस्त्यावर, फोटो काढून परत निघताना, कारण तेव्हा डोकं सवयीने डावी बाजू धरतं. दुसरं, थांबायची खूण ठरवून घ्या, डाव्या खांद्यावर दोनदा थाप वगैरे, आणि ती केली की त्याने कारण न विचारता पुढच्या जागेला थांबायचं हे निघण्याआधी कबूल करून घ्या. थंडी वाजणं, गुडघे आखडणं, भीती वाटणं, तिन्ही पुरेशी कारणं आहेत.

प्रश्न : आंतरराष्ट्रीय परवाना कुठे काढायचा? इन्शुरन्सचं काय? — डोंबिवली

उत्तर : आपल्या आरटीओकडे, फॉर्म 4ए, सरकारी शुल्क 1000 रुपये, मुदत एक वर्ष. मोटरसायकलच्या ‘ए’ वर्गावर शिक्का पडलाय का ते काउंटरवरच तपासा, नुसत्या कारच्या शिक्क्यावर तुम्हाला मोटरसायकल मिळणार नाही. मूळ भारतीय लायसन्स सोबत हवंच, आंतरराष्ट्रीय परवाना एकटा चालत नाही.

शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो बहुतेकांकडे असतो. पण त्यात मोटरसायकल चालवताना आणि मागे बसलेलं असताना झालेला अपघात धरलाय का, इंजिनच्या सीसीची अट आहे का, ही दोन कलमं स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. एक ओळखीचं जोडपं इथे घसरलं, हाड मोडलं, आणि विमा कंपनीने सीसीच्या अटीवर बोट ठेवलं. डोंगरातून हेलिकॉप्टरने आणायची वेळ आली तर ते बिल फार मोठं असतं. मदतीसाठी 112 तिन्ही देशांत लागतो, स्वित्झर्लंडमध्ये हवाई बचावासाठी 1414.

भाड्याच्या करारात कोणकोणत्या देशांत गाडी न्यायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. स्वित्झर्लंड त्यात आहे का, पाहा. ऑस्ट्रियात मोटरसायकलवरही प्रथमोपचाराची पेटी सक्तीची आहे, ती सीटखाली आहे याची खात्री करून मगच किल्ली घ्या. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या मोटरवेला विन्येट, म्हणजे टोल भरल्याचं स्टिकर लागतं, वर सांगितलेल्या फेरीत मोटरवे नाही, त्यामुळे तिथे लागत नाही.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. दिवसभर चॉकलेटवर राहायचं का? — इचलकरंजी

उत्तर : अजिबात नाही. दक्षिण टिरोलमध्ये श्लुट्सक्राप्फन मागा, आत पालक आणि ताजं चीज, आकार थेट आपल्या करंजीचा, वर लोणी. पालकाचे किंवा चीजचे क्नोडेल, म्हणजे पावाचे उकडलेले गोळे मिळतात. नुसतं क्नोडेल म्हणू नका, त्यात बऱ्याचदा श्पेक, म्हणजे धुरावलेलं डुकराचं मांस असतं. एंगाडिनमध्ये, म्हणजे झेर्नेत्स-स्कुओलच्या खोऱ्यात, जवाचं सूप दिसायला साधं, पण त्यातही मांस असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. तिथला अक्रोडाचा केक मात्र जरूर खा, टँकबॅगेत दोन दिवस टिकतो.

प्रश्न : सीमेवर पेट्रोल कुठे स्वस्त? डबा भरून आणता येतं का? — पनवेल

उत्तर : इटलीतलं लिविन्यो आणि स्वित्झर्लंडमधलं साम्नाउन ही दोन गावं करमुक्त आहेत, पैकी साम्नाउन 1892 पासून. तिथे टाकी भरा. स्वित्झर्लंडमध्ये येताना टाकीतलं पेट्रोल आणि वर 25 लिटरपर्यंत डब्यातलं चालतं, पण मोटरसायकलला डबा बांधून घाट उतरू नये. या फेरीत नाउडर्सला टाकी भरलीत तर एका टाकीत फेरी पूर्ण होते.